दहा पत्र्यांची खोली

१४ ऑगस्ट १९८५, सकाळी ६.१०
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो.
एक : माझे घर आणि भुजंगचे घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे.
दोन : मी हैदराबादेतून तर्कशास्त्रात एम.ए., प्रथम वर्ग. भुजंग एस.टी.त कंडक्टर. सातवी नापास.
तीन : भुजंगने परसात तीन खोल्या काढल्या आहेत. ओळंबा लावलेला नाही. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवले आहेत.
चार : तिन्ही खोल्या भरलेल्या आहेत. एकीत पाथरीचे गुरुजी, दुसरीत बोरीची कॉलेजची मुले, तिसरीत तहसीलचा कारकून, सहकुटुंब.
पाच : काल सौ. म्हणाली, आपल्या परसात एरंडाशिवाय काही उगवायलं नाही.

मला मत्सर वाटत नाही. मत्सर समान पातळीवरच्या माणसांत संभवतो. परंतु भाड्याची खोली कशी असावी, हे या गल्लीला एकदा दाखवणे माझे कर्तव्य ठरते. दसऱ्याला पहिला भाडेकरू प्रवेश करील.

१८ ऑगस्ट
सिताराम मिस्त्री आला. नकाशा दाखवला (तीन रंगांत). त्याने उलटा धरून विचारले, खोली किती पत्र्यांची? मी सांगितले, खोली चौरस फुटांत मोजतात. तो म्हणाला ते ठीक हाय, पण पत्रे किती? दहा, असे सांगून विषय संपवला.

२५ ऑगस्ट
करारनामा पूर्ण. कलमे चौतीस. कलम १ : मुक्काम अकरा महिने, पुढे एक दिवसही नाही. कलम २ : पावती मिळणार नाही. यामागे अनुभव आहे. वडिलांची पेडगावची जमीन कुळाने अशीच नेली. वर्षानुवर्षे ‘कसतो, कसतो’ म्हणाला आणि एका सकाळी मालक झाला. पुरावा होता वडिलांच्याच हातच्या पावत्यांचा. अक्षर सुंदर होते.

१ सप्टेंबर
पहिला उमेदवार. किशनराव, गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, नवविवाहित. पाया पाहून संतुष्ट. तोंडी परीक्षा घेतली, त्यात बरा. करारनामा वाचायला दिला. कलम ११ पर्यंत (भिंतीत खिळा मारण्यापूर्वी लेखी अर्ज) पोहोचला आणि बायकोला विचारून येतो म्हणाला. संध्याकाळी भुजंगच्या ओट्यावर चहा पिताना दिसला. चिंतेचे कारण नाही. भुजंगकडे रिकामी खोली नाही.

४ सप्टेंबर
भुजंगने चौथी खोली सुरू केली.

१९ सप्टेंबर
भिंत खिडकीपर्यंत आली. ओळंबा लावला. वर दोन बोटे फरक. पाडायला लावली. सिताराम म्हणाला गिलाव्यात झाकून जाईल. मी म्हणालो, मी झाकण्याचा विषय शिकवत नाही.
(भुजंगच्या भिंती चौकटीच्या वर गेल्या. एकही सरळ नाही. शांत झोप कशी लागते या माणसाला?)

६ ऑक्टोबर, रविवार
भिंत तिसऱ्यांदा पाडली.
पलीकडे पत्रे चढवण्याचा समारंभ. बोरीची मुले वर, गुरुजी शिडी धरून, कारकुनाची बायको आणि भुजंगची धुरपताबाई पोह्यांची परात घेऊन. भाडेकरू मालकाची खोली बांधतात, असे जगात कुठे ऐकले नव्हते. किशनरावही होता. त्याने दगड ठेवले. पत्रे मी मोजले. दहाच.

१४ ऑक्टोबर
मूळ दोष सापडला! नवी भिंत निर्दोष होती. ती जिला जोडतो, ती आमच्या स्वयंपाकघराची जुनी भिंतच तिरकी आहे. पंधरा वर्षे मी तिरक्या घरात तर्कशास्त्र लिहिले. ती उद्या उतरणार. सौ.ने स्वयंपाकघरातले डबे उचलून माजघरात नेले.
सिताराम म्हणाला, “दसऱ्याच्या तोंडावर भिंत पाडू नका साहेब. माणसं कोयत्यावर जायलीत.”
कामचुकारांची नेहमीची सबब.

१५ ऑक्टोबर
भिंत उतरली. स्वयंपाकघरात प्रकाश उत्तम.

२५ ऑक्टोबर
सबब नव्हती. सकाळी चौकात ट्रक भरले. भांडी, शेळ्या, म्हातारी माणसे, सगळे ऊसतोडीला. माझे चारही मजूर त्यात. सिताराम बायकोसह फाळक्याला टेकून बसला होता. मी काम अपूर्ण ठेवल्याचे लेखी कारण मागितले. तो म्हणाला, अक्षयतृतीयेला येतो. हे कारण नव्हे, तारीख आहे.

३ नोव्हेंबर
दूध मांजराने प्यायले. भाकरी कुत्र्याने नेली. सौ. धुरपताबाईच्या चुलीवर स्वयंपाक करते. तिथून हसण्याचा आवाज येतो. आमच्या स्वयंपाकघरातून असा आवाज कधी आल्याचे स्मरत नाही. धूर होत असावा.

८ नोव्हेंबर
भुजंगने चौथी खोली आम्हाला देऊ केली. ती किशनरावला ठरली होती. त्याला सांगितले म्हणे, तुमी थोडं थांबा, सर अडचणीत हायत. मी नकार दिला. सौ.ने ट्रंक उचलली.

११ नोव्हेंबर
मीही आलो. भाडेकरूच्या मानसशास्त्राचा प्रत्यक्ष अभ्यास, एवढाच हेतू. पहिल्याच दिवशी विनापरवानगी खिळा मारला. कुणी विचारले नाही. खोली उबदार आहे. याला वास्तुशास्त्रीय आधार काहीही नाही.

१ डिसेंबर
भाडे द्यायला गेलो. भुजंग म्हणाला, शेजाऱ्याकडून कसलं भाडं. घेतलेच नाही. हा माझा अपमान करण्याचा प्रकार असावा.

१४ जानेवारी १९८६
संक्रांत. गुरुजींपासून सगळ्यांनी तिळगूळ आधी भुजंगला दिला. मला दुसरा क्रमांक. आयुष्यात मी दुसरा क्रमांक घेतलेला नाही.

२७ मे
पंधरा दिवस पेपर तपासायला औरंगाबादला होतो. आज परतलो. सिताराम शब्दाप्रमाणे अक्षयतृतीयेला आला होता. सौ. समोर उभी राहिली आणि स्वयंपाकघराची भिंत व मागची खोली पूर्ण झाली. ओळंबा माझ्या कपाटात कुलूपबंद होता.
खोलीत किशनराव राहतो. करारनामा नाही, मुदत नाही, साधी चिठ्ठी नाही. सौ.ला वहिनी म्हणतो. चौतीस कलमे कुठे आहेत, विचारले. कोऱ्या बाजूंवर त्याच्या बायकोने रांगोळीचे नमुने काढले आहेत.
जोवर किशनराव सही करत नाही, तोवर मी चौथ्या खोलीतून हलणार नाही. सौ. घरी गेली.

९ जून
तिकडून हसण्याचा आवाज. आता आमच्याच स्वयंपाकघरातून.

१५ जून, सायंकाळी
भुजंग ड्युटीवरून थेट आला, गळ्यात तिकिटांची पेटी तशीच. म्हणाला, “सर, राग मानू नका. खोली पायजे म्हणून म्हणत न्हाई. पर शेजारी बसून कुणी आपल्याच घराकडं बघत ऱ्हातं का? वहिनी रोज तुमचं ताट वाढून ठेवायलेत.”
हा निष्कासनाचा प्रयत्न आहे, हे उघड आहे. भाडे नियंत्रण कायदा काढला. सात महिने सलग ताबा. भाडेकरूला असे काढता येत नाही. वडिलांच्या कुळासारखाच माझा हक्क पक्का आहे.
फक्त एक पावती हवी.

१६ जून, पहाटे ५.३०
पावती नाही. भाडेच घेतलेले नाही. कायद्याचे पुस्तक दोनदा वाचले, ‘पाहुणा’ हा शब्द त्यात कुठेही नाही. पुढील मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून भुजंगच्या दारातून आत सरकवणार :

श्री. भुजंग यांस,
गेले सात महिने मी आपल्या दहा पत्र्यांच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहत होतो की पाहुणा म्हणून, याचा स्पष्ट खुलासा, एका शब्दात का होईना, परंतु लेखी, माझे ताट निवण्यापूर्वी करावा.