मुकादमाच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या

३ फेब्रुवारी

बत्तीस किलो चारशे ग्रॅम. हे एका कुत्र्याचं वजन आहे आणि आज ते मी तीनदा तिसऱ्या मजल्यावर नेलं. लिफ्ट नाही. अठ्ठेचाळीस पायऱ्या. मोजल्या – दुसरं करणार काय, डोळ्यांसमोर नुसता त्याचा कान.

आले होते चार दिवसांसाठी. आत्याकडे धुणं उरकायचं, पोटभर झोपायचं आणि पुढे निघायचं. तिसऱ्याच दिवशी मुकादम फरशीवर घसरला आणि मागचा उजवा पाय टेकेना. मुकादम म्हणजे आत्याचा कुत्रा, वय अकरा. ती कपडे शिवते आणि हा मशीनखाली पडून देखरेख करतो, म्हणून मुकादम. स्वतः काडी उचलत नाही.

दोन गल्ल्या पलीकडे जनावरांची डॉक्टरीण आहे. तिने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही खुब्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. "संधिवात आहे. बरा होत नाही, सांभाळायचा असतो." मग सांभाळायचं म्हणजे काय ते सांगायला लागली – वजन उतरवा, जेवणानंतर एक गोळी, शेक, फरशीवर पायपुसणी, नखं कापा, एकदाच लांब नाही तर थोडं थोडं तीनदा फिरवा, जिना बंद. मी अर्धं ऐकलं. तिच्या टेबलावर काचेच्या पेटीत कासव होतं, त्याच्या पाठीवर पट्टी. कासवाला काय लागत असेल? विचारायचं राहिलं.

४ फेब्रुवारी

बाबांचा फोन. त्यांच्या मते सोपं आहे – मुकादमाला त्यांच्या मित्राच्या गोदामावर ठेवायचं. "जमिनीवर राहील, मोकळा. ज्याला जिना झेपत नाही त्याला वर ठेवणं म्हणजे छळ आहे." फोन स्पीकरवर होता. आत्याने मशीन थांबवलं. दोरा तुटला नव्हता, तरी सुईत पुन्हा ओवत बसली.

मी म्हटलं, महिनाभर थांबा, मी बघते. तोंडातून निघून गेलं. एक मार्चला मला डोंगरावरच्या लॉजमध्ये पोचायचंय, तिथल्या स्वयंपाकघरात काम ठरलंय, मैत्रिणीने माझ्यासाठी खाट अडवून ठेवलीय. म्हणजे हिशेब असा – फेब्रुवारी संपायच्या आत हा गडी आपल्या पायांनी जिना चढला पाहिजे. नाही चढला तर तो गोदामावर, नाहीतर मी इथे.

६ फेब्रुवारी

मशीनच्या पेडलखाली तीन गोळ्या सापडल्या. चाटून स्वच्छ केलेल्या, ओळीत.

७ फेब्रुवारी

पायपुसणी! आत्याने कोटाच्या अस्तराची शिवली. सुंदर. मुकादम पहिल्यावर चढला आणि पायपुसण्यासकट कपाटापर्यंत गेला. मी तिला म्हटलं, अस्तर गुळगुळीत असतं हे तुला मी सांगायचं? "गिऱ्हाईक कधी त्यावर उभं राहत नाही," म्हणाली.

दुपारी सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणल्या, त्यांच्या पट्ट्या खालून शिवल्या. आता घरात रबराचा वास. पण घसरत नाही. एवढं एक काम झालं.

९ फेब्रुवारी

डॉक्टरणीने तक्ता दिलाय, तो कपाटाच्या दाराला चिकटवला. सकाळ, संध्याकाळ. लंगडणं शून्य ते पाच. शून्य म्हणजे छान, पाच म्हणजे पाय टेकतच नाही. सकाळचा रकाना आत्या भरते, कारण मी उठेपर्यंत तिची दोन झबली शिवून झालेली असतात. संध्याकाळचा माझा.

आज सकाळी चार. संध्याकाळी तीन.

१० फेब्रुवारी

जेवण निम्मं केलं, वर उकडलेला भोपळा. तो भोपळ्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी काही केलंय असं वाटायला लागतं.

आत्याचीही तऱ्हाच आहे. खिडकीतून दोरीला बांधून टोपली सोडते – भाजी वर, शिवलेले कपडे खाली. म्हटलं, राणीच आहेस तू. "आहेच मुळी," म्हणाली. सगळा जिना माझ्या वाट्याला.

१२ फेब्रुवारी

वजन बत्तीस पाचशे. वाढलं!! भोपळ्यावर कोण जाड होतं?

खाली जिन्याच्या तोंडाशी घड्याळवाल्या काकांचं दुकान आहे. एवढंसं. आज वळून बघितलं तर डोळ्याला भिंग तसंच, आणि हात टेबलाखाली. टेबलाखाली मुकादम.

"काका, बिस्किट?"

"एकच देतो गं."

"दिवसाला?"

"नाही, तो येईल तेव्हा."

"त्याला मी आणते. दिवसातून तीनदा."

"मग तूच देतेस म्हण की."

भांडायला तोंड उघडलं, पण टेबलावर एक घड्याळ होतं, त्याचे काटे उलटे फिरत होते. पाऊण तास गेला त्यात. निघताना तह झाला – दिवसाला एक बिस्किट, आणि गोळी त्या बिस्किटात. काकांच्या हातून मुकादम गोळी गिळतो. माझ्या हातून थुंकतो. ठीक.

१४ फेब्रुवारी

आत्याने झोळी शिवली. तंबूच्या कापडाची, पोटाखालून घालायची, वर दोन पट्टे. मी पट्टे धरायचे म्हणजे मागच्या पायांवर भार कमी. डॉक्टरणीने सांगितलंय, गोळी लागू पडली की झोळीच्या आधाराने एकेक जिना चढू द्या. झोळीला खिसा पण आहे. खिसा कशाला? "सवय."

खाली नेलं. झोळीसकट मुतला. सगळं माझ्या चपलेत.

वर येऊन सांगितलं. आत्याने झोळी उलटीसुलटी केली आणि कपाळावर हात मारला. "तीस वर्षं पुरुषांच्या विजारी शिवतेय, आणि हे विसरले." मग खडूने अर्धगोल काढला आणि कापला. हसता हसता मशीनच्या कडेला धरून बसली. मीही हसले, पण चप्पल माझी होती.

१७ फेब्रुवारी

वजन एकतीस दोनशे. उतरलं. तपासणीला नेला. दवाखान्यात साहेब ताठ चालले, कासवाला जाऊन हुंगून आले. डॉक्टरीण तक्ता बघून बुचकळ्यात. "इथे तर बरा चालतोय. संध्याकाळी दोन, दीड. मग सकाळी चार, चार, पाच कसं? सकाळी आखडतात, पण पाच?" रक्त काढलं, आणि म्हणाली की रक्तात सगळं ठीक निघालं तर गोळी वाढवू. चिठ्ठी दिली.

१९ फेब्रुवारी

रक्त ठीक. मोठी गोळी आणायला निघाले, तर आत्या म्हणते, "एवढ्यात नको आणू." का? "बघू." चिठ्ठी घेतली आणि मशीनच्या खणात टाकली, बटणांबरोबर. कुत्र्याला दुखतंय, डॉक्टरीण सांगतेय, मी उचलून उचलून कमरेत वाकलेय, आणि ही बघू!

२२ फेब्रुवारी

एक जिना चढला. झोळी नुसती हातात, ओढ जवळजवळ नाही.

मैत्रिणीचा निरोप: खाट खिडकीजवळची आहे. ये बाई लवकर.

२५ फेब्रुवारी

तिन्ही जिने! आपल्या पायांनी! पण काय जीव काढला. प्रत्येक वळणाच्या चौथऱ्यावर बसतो. दमलेला नाही, धापही नाही. नुसता बसतो आणि खाली बघतो. ढकलला तरी उठत नाही. मनात शंभरपर्यंत आकडे मोजावेत एवढा वेळ, मग आपणहून उठतो. घाई असलेल्या माणसाने या जनावराबरोबर जिना चढू नये. वर आल्यावर आत्याला सांगितलं, चढला, मी आता जाऊ शकते. "हो," म्हणाली. "जा की." आणि मशीन जोरात चालवलं.

२७ फेब्रुवारी

आज सहालाच जाग आली. टाकीत पाणी पडायचा आवाज. पडल्या पडल्या बघितलं.

मुकादम उठला. दोन पावलं आखडलेली, आळस दिला, तरातरा जाऊन पाणी प्यायला. फार तर एक. मग आत्या तक्त्याजवळ आली आणि लिहिलं चार.

मी उठून बसले. "खोटं लिहितेस तू."

ती दचकली, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. "जे होतं ते लिहिलं."

"एक होतं. मी बघितलं. उगाच डॉक्टरीण गोळी वाढवत होती त्याची!"

"म्हणून तर आणू दिली नाही."

म्हणजे माहीत होतं! मला थांबवायला हे सगळं. सरळ म्हणायचं ना, थांब म्हणून. मी बोलले तसं. जरा जास्तच बोलले. कुत्र्याच्या पायाआड लपतेस, असंही बोलले. तिने गॅस पेटवला. चहा दिला. मी घेतला नाही, मग गार झाल्यावर घेतला.

बॅग भरली. मोजा एक सापडत नाही.

२८ फेब्रुवारी

शेवटचा फेरा. काकांना सांगितलं, उद्यापासून मुकादम आणि आत्या, दोघांकडे लक्ष ठेवा, आणि हा चौथऱ्यावर बसतो त्याचा काही उपाय असेल तर सांगा.

काकांनी भिंग वर केलं. "तो बसणारच. ती त्याची जागा नाही, तिची आहे."

"कुणाची?"

"तुझ्या आत्याची. वर्षभर बघतोय ना इथून. प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबायची. हा दोन पायऱ्या पुढे जाऊन बसायचा, ती निघाली की उठायचा. आधी दोघं रोज दोनदा फिरायची. मग एकदा. मग पाऊस संपल्यापासून ती उतरलीच नाही. हा एकटा यायचा, माझ्या दारापुढे मुतायचा आणि वर जायचा. फिरणं गेलं, म्हणून सुटला असा. आणि वर माझी बिस्किटं, हो, कबूल आहे."

जिना चढताना मी आठवत गेले. टोपली. हसताना मशीनची कड. दवाखान्यात एकदाही आली नाही, आणि मला वाटलं तिला रक्त बघवत नाही. काल सकाळी तक्त्यापर्यंत येताना तिचा हात – मशीन, खुर्ची, कपाट, कपाट. मी कुत्र्याचे पाय बघत होते.

चौथऱ्यावर मुकादम बसला. मीही बसले.

वर गेल्यावर विचारलं, सकाळचा रकाना कुणाच्या पायांचा?

तिने कापडावर खडूने एक रेघ ओढली. "मला कधी कुणी आकडा विचारला नव्हता," म्हणाली. "समोर रकाना होता. दोन दिवस माझा लिहिला, बरं वाटलं. मग तो खोडून त्याचा लिहायचा धीर होईना."

मी म्हटलं, मला सांगायचं ना.

"तू सांगितलं असतंस बाबांना. त्यांचं ऐकलंस ना फोनवर? जिना झेपत नाही त्याने वर राहू नये." खडू खाली ठेवला. "मी कुठल्या गोदामावर जाऊ?"

१ मार्च

खिडकीजवळची खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून कळवलं.

दहा वाजता निघालो, माणसांच्या हाडांच्या डॉक्टरकडे. मुकादम पुढे, मग आत्या, मी खालच्या पायरीवर तिच्याकडे तोंड करून. एका जिन्याला दहा मिनिटं. तो प्रत्येक चौथऱ्यावर बसला. कुणी ढकललं नाही.

तक्त्यात आणखी एक रेघ ओढलीय. सकाळ – मुकादम एक, आत्या चार.