गोबरगॅसच्या टाकीचं पाणी

आई,

दवाखान्यातून आलात की शेगडीशी झटू नका, ती पेटणार नाही. जेवण झाकून ठेवलंय.

गॅस कालच संपत आला होता, आणि आज मी टाकीत शेण कालवलं नाही. जेवढं शेण तेवढंच पाणी लागतं, आणि घरात चारच बादल्या उरल्या होत्या. त्या गाईंना पाजल्या. तांबडी तरीही गेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन दिवस आधी पोटभर पाजायला हवं होतं." परवाचं पाणी आपण टाकीतच ओतलं होतं.

तुम्ही रागवाल. ती टाकी ह्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली. ते गेल्यापासून, ज्योत पेटली की तुम्हाला पोरगं घरात असल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं, आई. म्हणून तर इतके दिवस तोंड उघडलं नाही.

उरलेल्या तिघींना माझ्या भावाकडे घेऊन चाललेय, त्याच्या विहिरीला अजून पाणी आहे. त्या परत येतील असं वाटत नाही. मी शनिवारी येईन.

टँकर उद्या आहे. तोवर माठात दोन तांबे पाणी आहे. तुमच्या पाया पडते, ते टाकीत ओतू नका. प्या.

— तुमची सून