पल्लवीच्या रूमची चौकशी

अहो,

हे पत्र तुम्ही वाचणार नाही, एवढं मला कळतं. पण शुक्रवारी आपली पल्लवी परदेशी शिकायला निघाली आहे आणि गेल्या आठवड्यात घरात जे झालं, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. जाऊबाईंच्या कानावर घातलं तर संध्याकाळपर्यंत जुन्या हुबळीभर होईल.

संसारात संशय घ्यायचं काम तुमच्याकडे होतं. दूधवाला, मीटर बघायला येणारा, लग्नात फार गोड बोलणारे पाहुणे, सगळे तुमच्या लेखी चोर. आपल्या दुकानात नवं भांडं आलं की बोटानं वाजवून बघायचात आणि माणसाकडेही तसंच बघायचात. मी हसायची. जाताना हे खातं माझ्या गळ्यात घालून जाल, हे मला काय माहीत!

पहिला संशय तिकडच्या कॉलेजात प्रवेश करून देणाऱ्या एजंटाचा. कोप्पीकर रोडवर त्याचं काचेचं ऑफिस आहे. गेल्या गेल्या त्यानं थंड पाण्याची बाटली पुढे केली. मी उघडलीच नाही. काम व्हायच्या आधी एवढा पाहुणचार कोण करतं? इथून कोण कोण गेलंय ते विचारून घेतलं आणि त्या सगळ्यांच्या आयांना फोन केले. भाऊजींच्या ओळखीचा एक मुलगा तिच्या कॉलेजच्याच गावात नोकरीला आहे. त्याला कॉलेजसमोर उभं करून व्हिडिओ कॉल लावला. गेट दिसलं, पाटी दिसली. मी म्हटलं, आता मुलं आत जाताना दाखव. बिचारा थंडीत कुडकुडत उभा राहिला. पल्लवीनं कपाळाला हात लावला.

तिकडे दातांचं काही निघालं तर परवडत नाही म्हणून इथेच दाखवून घ्यायचं, असं सगळे म्हणाले. डॉक्टरनं दोन दाढा भरायच्या सांगितल्या. दोन कशा? दुसऱ्याकडे नेलं, तोही दोनच म्हणाला. आता हे दोघे एकमेकांच्या ओळखीचे असतील तर मी काय करणार? जादा चष्मा करून झाला, औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी झाली, कागदांच्या प्रती हातातल्या बॅगेत वेगळ्या ठेवल्या. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पाकिटं सील करून, वर नाव घालून न्यायची म्हणे, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. काढून घेऊन काय करतात, हे कुणी सांगत नाही.

मग आली रूम. मुलांचा फोनवर एक ग्रुप असतो, त्यात हिला श्रेया नावाची मुलगी भेटली. केलगेरीची, म्हणजे आपल्या धारवाडचीच. दोघींनी मिळून तिकडे एक खोली ठरवूनही टाकली. घर कुठलं, माणसं कशी, मी विचारत राहिले. पल्लवी वैतागून म्हणाली, "आई, रूम बघतोय, स्थळ नाही."

बरं म्हटलं. आणि चार दिवसांनी समोरचे टेलरअण्णा मला हळूच म्हणाले, तुमच्या घराची चौकशी करायला एक बाई येऊन गेल्या. मुलगी स्वभावानं कशी, रागीट आहे का, घरात कुणाचं किती करते, वडील कशानं गेले. देवळाबाहेरच्या फुलवालीलाही तिनं हेच विचारलं होतं.

तुम्हीच सांगा, आपल्यात अशी चौकशी कशासाठी होते? लग्नाच्या मुलीसाठीच ना?

माझं डोकं फिरलं. आधी जाऊबाईंवर संशय गेला, कारण "उजवूनच पाठवा की" असं त्या दिवाळीपासून म्हणताहेत. मग वाटलं, पोरीनंच कुणी बघून ठेवलाय आणि त्याच्या घरचे गुपचूप आपलं घर जोखताहेत. परदेश, कॉलेज हे सगळं त्याच्यासाठीच तर नाही? हळूहळू मला सगळ्याचा मेळ बसायला लागला. ती फोन घेऊन गच्चीवर का जाते? मी खोलीत आले की बोलणं का थांबतं? तुम्ही असतात तर एकदा तोंडाकडे बघून ओळखलं असतंत. मला ते कुठे जमतं? शिकवून तरी जायचं होतंत!

मी तिचा पासपोर्ट कपाटात साड्यांखाली घातला आणि किल्ली कमरेला लावली. म्हटलं, आधी खरं सांग, मग जा. काय सांगू, म्हणाली. मी म्हटलं, जे लपवतेस ते. तिचा चेहरा उतरला. तो बघून माझी खात्रीच झाली. "बाबा असते तर..." एवढंच म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस आम्ही बोललो नाही. ती जाणार की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाई स्वतःच दारात उभी. इस्त्रीची सुती साडी, हातात पेढ्यांचा पुडा. मी बसा म्हणायच्या आधीच विचारलं, मुलगा काय करतो?

ती गोंधळली. "तप्प तिळ्कोब्याड्री अक्का, गैरसमज नको. मला मुलगा नाही. श्रेया एकटीच."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं तर ती ते न बघता घटाघट प्यायली. मग सांगितलं. श्रेयाला लहानपणापासून फिट येतात. औषधानं पुष्कळ कमी आहेत, डॉक्टरांनीही जायला हरकत नाही म्हटलंय, पण मुलगी कुणाला कळू देत नाही. "खोलीत ती पडली, तर बरोबरची मुलगी पळेल की जवळ बसेल, एवढंच मला बघायचं होतं," ती म्हणाली. "टेलर म्हणाले, वडिलांना डायलिसिसला तीच न्यायची, रिक्षात त्यांचं डोकं खांद्यावर घेऊन. फुलवाली म्हणाली, तीच भरवायची. मी तिथंच रडले, अक्का."

अहो, मीही रडले. तिच्यासमोरच.

ती गेल्यावर मी पल्लवीला विचारलं, तुला हे ठाऊक होतं? होतं. श्रेयानं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि ते गुपित राखायचा शब्द घेतला होता. गच्चीवर जाऊन ही बया काय करायची, तर फिट आल्यावर काय करायचं ते श्रेयाकडून शिकायची. म्हणजे पोरगी लपवत होतीच! माझा संशय खरा निघाला, फक्त भलत्याच गोष्टीवर जाऊन बसला होता.

पासपोर्ट तिच्या हातात दिला. तरी राहवलं नाही. म्हटलं, तुझ्या वयाच्या मुली धडधाकट जोडीदारीण बघतात, तू पुन्हा आजारपण कशाला ओढवून घेतेस? वडिलांचं केलंस ते पुरे नाही का?

ती पासपोर्ट उघडून उगीच पानं चाळत राहिली. मग म्हणाली, "आई, बाबा गेल्यापासून मला एकटीला झोप लागत नाही. खोलीत कुणाचा तरी श्वास ऐकू यावा लागतो."

आणि मी पलीकडच्याच खोलीत होते, अहो. इतके महिने. एजंटाच्या बाटलीवर माझं लक्ष होतं, दाढांवर होतं, आणि पोरगी भिंतीपलीकडे जागी होती, हे मला कळलं नाही.

काल मी माझी गादी तिच्या खोलीत नेली. उकडतंय, असं खोटंच सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण सरकून जागा केली.

एजंटावर माझा अजून विश्वास नाही, आणि तिचं विमान उतरेपर्यंत बसणारही नाही. पण पोरीवर पुन्हा संशय घेणार नाही, हा शब्द तुम्हाला देते. तिकडे तिला झोप लागते की नाही, हेही तिला विचारून भंडावणार नाही. श्रेयाच्या आईला विचारीन. आणि शुक्रवारपर्यंत मी तिच्या शेजारी झोपेन, जरा मोठ्यानं श्वास घेत.

तुमची,
सुमन