मुकादम-मुकादम खेळायचं नाही

मंगळवार, ९ जाने. १९७३
मधल्या सुट्टीत (म.सु.) गोट्यांवरून जुंपली. तात्या मुकादमांच्या बबनने किसनाचा पुढचा दात पाडला. दात दुधाचाच होता, पण रक्त ते रक्त. दोघांना उभं केलं, गोट्या जप्त केल्या आणि शाळेच्या रिकाम्या माठात टाकल्या. माठाला दुसरं काम तरी काय उरलंय सध्या.

गोट्या बंद. विटी-दांडू दिवाळीआधीच बंद केला होता, विटी एकीच्या डोळ्याखाली लागली तेव्हा. पत्ते तर देवळामागेसुद्धा नाहीत. लगोरी, लंगडी, फुगडी, सागरगोटे चालतील. पोरं म्हणाली, बाई, लंगडीला पायात जोर न्हाई. खरंय. रेशनच्या लाल मिलोच्या भाकरीवर किती उड्या मारणार? तरी पण. या शाळेत काय खेळायचं ते मी ठरवणार, गोट्या नाही ठरवणार.

शनिवार, १३ जाने.
आमचे यजमान दा. नगरहून आले. त्यांच्या दवाखान्यात दोन कंपाउंडर कमी, त्यामुळे मागचा शनिवार बुडाला होता. गोट्यांचं सांगितलं तर हसत सुटले. ‘एस्तेर, तू फौजदार व्हायचीस, चुकून मास्तरीण झालीस.’ मी म्हटलं, फौजदाराला पन्नास पोरं एका खोलीत बसवायला लावा, मग बोला.

रविवार, १४ जाने.
घरी प्रार्थना केली आणि दोघं दुष्काळी खडीच्या कामावर गेलो. ओढा ओलांडला की लगेच. सगळी वाडीच तिथे, दगड फोडत. संक्रांत म्हणून चिमूट चिमूट तिळगूळ नेला होता.

मला सखू पाहिजे होती. चौथीतली हुशार पोर, पण महिनाभर शाळेत नाही. कडेवर धाकटा भाऊ नाम्या घेऊन उन्हात फिरत होती. तिची आई हौसा खडीच्या ढिगापाशी. मी स्पष्ट सांगितलं, ‘हौसाबाई, पोरीचं वर्ष घालवू नका. उद्यापासून शाळेत पाठवा. मी ऐकणार नाही.’
‘आन् ह्याला?’
‘बाकीच्या बायकांची नाहीत का तान्ही?’
बाभळीखाली तरटाच्या सावलीत सात-आठ झोळ्या टांगलेल्या. एक पोर रडेल तर शपथ. काय शहाणी लेकरं! दगडांचा एवढा ठणठणाट आणि ही गाढ. एकटा नाम्या काय तो खट्याळ, माझा पदर ओढून तोंडात घातला. हौसाने एकदा त्या झोळ्यांकडे पाहिलं, मग म्हणाली, ‘बरं बाई. धाडते.’
जिंकले.

शुक्रवार, १९ जाने.
सखू पूर्ण आठवडा हजर. पाढे विसरली नाही.

म.सु.त नवा खेळ निघालाय. मुकादम-मुकादम. बबन मुकादम. कागदाची सुरळी काखेत, पोट पुढे, हुबेहूब बाप. बाकीची पोरं बसून खडे फोडतात. बबन हजेरी घेतो, ‘आली का गं भवाने? ऊन डोक्यावर आल्यावर? बाप वाट बघतोय का तुझी?’ पुढचं इथे लिहीत नाही. पोरं हसून लोळतात. मलाही खिडकीआड हसू आवरेना. पण शिव्या फार.

एक मात्र आहे. या खेळाला सगळी येतात, लंगडी न झेपणारीसुद्धा. बसून खेळायचं ना. विचार करते.

सोमवार, २२ जाने.
विचार करायची गरज उरली नाही. तात्या मुकादम स्वतः आले. शाळा समितीत आहेत, त्यामुळे माझ्याच खुर्चीत बसले. ‘बाई, आमी कामावर काय बोलतो ते पोरांनी शाळंत बोलायचं? माजंच कारटं माजी नक्कल करतंय, लोक हसत्यात. कामावरलं कामावर ऱ्हाऊ द्या. बंद करा ह्यो खेळ.’

बंद केला. शिव्यांसाठी केला असता तो मी एरवीही. सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, मुकादम-मुकादम खेळायचं नाही. तात्या दारातून ऐकत होते आणि मान डोलवत होते. ते गेल्यावर चीड आली. तोंड माझं आणि हुकूम त्यांचा, असं झालं.

बुधवार, ३१ जाने.
म.सु.त आवार रिकामं. लगोरीच्या चिपा तशाच रचलेल्या, कुणी फोडायला नाही. घंटा दिली की पोरं ओढ्याकडून धापा टाकत येतात, हातापायाला माती. मला काय खुळी समजतात? तिथे खेळतात. उद्या जाते छडी घेऊन.

गुरुवार, १ फेब्रु.
गेले होते छडी घेऊन.

ओढ्याच्या काठाला घाणेरीचं झुडूप आहे, त्यामागे उभी राहिले. म्हटलं, रंगात येऊ दे, मग पकडू. आजवर खिडकीतून हजेरी आणि शिव्या तेवढ्याच पाहिल्या होत्या. पहिल्यापासूनचा खेळ आज पाहिला.

खेळ हजेरीपासून सुरू होतच नाही. आधी पोरी येतात, चिंध्यांची बाळं घेऊन. झोळ्या बांधतात. सखू मांडी घालून बसली, ओल्या मातीची बारीक गोळी केली, नखावर घेतली, बाहुलीच्या तोंडाला लावली. ‘चाट माज्या राजा. चाट. आता सांजंपत्तूर मुकाट.’ तिच्या शेजारची, तिच्या शेजारची, सगळ्यांनी तेच केलं. मग बबन आला. ‘निजवली का समदी? एकाचा बी आवाज नगं. चला, टोपली उचला.’

छडी हातात तशीच. पुढे झाले तर पोरं पळायला लागली. सखूला धरलं. ‘ही गोळी कसली गं?’
‘माती हाय बाई. खोटी हाय.’
‘आणि खरी?’
‘आफूची. आई देती नाम्याला. समद्याच देत्यात.’
‘तुलाही देत होती?’
‘काय ठावं. मी निजल्याली आसंन.’

शहाणी लेकरं म्हणाले होते मी. तिळगूळ वाटत होते त्यांच्या उशाशी.

शुक्रवार, २ फेब्रु.
शाळा सुटल्याबरोबर कामावर. हौसाला बाजूला घेतलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते, पण चढलाच. ‘अफू देता पोराला? विष आहे ते!’
हौसाने हातातली टोपली खाली टाकली. मग म्हणाली, ‘बाई, तुमी आल्ता त्या दिशी दिली हुती का मी? सखी संबाळत हुती त्याला. तुमी म्हनला पोरगी शाळंत धाडा. धाडली. मग ह्यो कुनाच्या जिवावर ठिवू? रडला की दूध पाजाया उठायचं, उठलं की मुकादम वराडतो. सांगा की आता.’

झोळीपाशी गेले. नाम्या झोळीत पडला होता, ओठ अर्धे उघडे. मी गाल थोपटला, हलला नाही.

तात्यांशीही बोलले. ते गोंधळलेच, मी एवढी का तापलेय ते त्यांना कळेना. ‘मीच आनून देतो की तिसगावच्या बाजारातनं. बायकांची सोय हुती. आमच्या आयनं आमाला बी दिली. मेलो का आमी? चांगला घोड्यावानी हाय.’ वाईट मनाने बोलत नव्हते, हेच जास्त वाईट. मी म्हटलं, ‘तात्या, तुम्ही उठलात. जी उठली नाहीत ती सांगायला येत नाहीत.’ तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. ‘खेळ बंद करा म्हनलं हुतं ना तुमाला,’ एवढंच बोलले.

म्हणजे शिव्यांची लाज नव्हती फक्त.

शनिवार, ३ फेब्रु.
दा.ना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, याचाच मला राग आला. ‘दवाखान्यात येतात अशी लेकरं. आई कबूल करत नाही, आपण समजून घ्यायचं. तू बायांना दोष देऊ नकोस, त्या परत तोंड उघडणार नाहीत.’ हे बरोबर. पण मग म्हणाले, ‘सांभाळून. जामखेडच्या टोकाला बदली करतील.’
करू देत. जामखेडला काय पोरं नाहीत?

मी ठरवलंय. शाळेला व्हरांडा आहे, रुंद आहे, दुपारी सावली असते. झोळ्या तिथे बांधायच्या. मोठ्या मुलींच्या पाळ्या लावायच्या, शाळाही बुडणार नाही. आया दूध पाजायला ओढा ओलांडून येतील. तात्यांनी ओरडावं, मी बघून घेईन. सोमवारी बायांशी बोलायचं.

सोमवार, ५ फेब्रु.
बोलले. बायांनी ऐकून घेतलं. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. ‘बगू.’ एकजण म्हणाली, बाई, तुमची जात येगळी, धरम येगळा, आमचं लेकरू तुमच्या हाती... वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. हौसा खाली बघून दगड फोडत होती.

मंगळवार, ६ फेब्रु.
दुपारी तिसरीचं गणित चालू होतं. म.सु.त सखू भाऊ बघायला कामावर गेली होती, ती पळत आली. ‘बाई, नाम्या उठंना. आईनं तोंडावर पानी मारलं तरी उठंना.’

पोरांना तसंच सोडून धावले. नाम्याचे ओठ काळसर, श्वास कुठे अडतोय कुठे येतोय. हौसा त्याला हलवत होती, ‘आरं रड की मुडद्या, रड की.’ बायका गोल करून उभ्या. तात्यांनीच आडवे जाऊन खडीचा ट्रक थांबवला, उतरवायची खडी राहू दे म्हणाले, आम्हाला पुढे बसवलं. दार लावता लावता हळूच म्हणाले, ‘बाई, दवाखान्यात काय सांगू नगा.’

नगरपर्यंत नाम्याला चिमटे काढत गेले. हात दुखून आला. दा.च्या दवाखान्यात शिरल्याबरोबर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगितलं, अफू दिलीय. हौसाने पदर तोंडात कोंबला.

गुरुवार, ८ फेब्रु.
काल पहाटे नाम्या रडला. आधी मांजरासारखा, मग चांगला टाहो फोडून. वॉर्डातली एक बाई वैतागून म्हणाली, गप्प करा की त्याला. हौसा एकदम तिच्या अंगावर गेली, ‘रडू द्या! कुनी गप करायचं न्हाई त्याला!’ दा. दारात औषधाची बाटली घेऊन उभे, डोळे पुसत होते. मी पाहिलं नाहीसं दाखवलं.

डॉक्टर म्हणतात, वाचला, पण एवढ्या लहान जिवाला आतून काय झालं ते आत्ता सांगता येत नाही. मान पहिल्यासारखी धरत नाही. बघायचं.

सोमवार, १२ फेब्रु.
व्हरांड्यात झोळ्या! पहिली हौसाने बांधली, दवाखान्यातून परत आणलेल्या नाम्यासाठी. तिच्यामागे चार आल्या. ती वाक्य अर्धं सोडणारीसुद्धा आली, काही न बोलता पोर माझ्या मांडीवर ठेवून गेली. दिवसभर कुणी ना कुणी रडतंय. भूगोल शिकवताना माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. डोकं उठलं. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि म.सु.त सांगून टाकलं, मुकादम-मुकादम आवारात खेळा, माझ्यासमोर. हा खेळ बंद केला नसता तर मला आठ-दहा दिवस आधी कळलं असतं. पोरांना आधी खरंच वाटेना.

गुरुवार, १५ फेब्रु.
पोरांनी खेळात नवं पात्र घातलंय. बाई. किसना करतो. पदर म्हणून टॉवेल खोचतो, बोट नाचवतो, ‘गोट्या बंद! विटी बंद! पत्ते बंद! आफू बंद! मी ऐकणार नाही!’ मी खरंच अशी बोलते? आणि आता एक पोर बाळ होतं. त्याचं काम फक्त भोकाड पसरायचं. त्यासाठी भांडणं होतात, सगळ्यांनाच बाळ व्हायचंय.

तालुक्याहून चिठ्ठी आली. तक्रार आहे. बाईंनी शाळेचं पाळणाघर केलं, आणि पोरांना शिव्यांचे खेळ शिकवतात. साहेब मंगळवारी पाहणीला येणार. तक्रार कुणाची ते लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही. संध्याकाळी तात्या वाटेत दिसले, मान खाली घालून गेले. मागच्या आठवड्यात ट्रक अडवणारा तोच माणूस. अफू आणून दिल्याचं बाहेर फुटेल याची त्यांना भीती आहे, आणि भीती खोटी नाही. मला कळतं. पण झोळ्या निघणार नाहीत.

रविवार, १८ फेब्रु.
दा. म्हणाले, साहेब येतील तेवढे दोन तास पोरं पुन्हा कामावर ठेव. झोळ्या काढ, लगोरी मांड. ते गेले की पुन्हा बांध. शहाणपणाचं आहे. मी नाही म्हटलं. दोन तास कामावर ठेवायची तर गप्प कशी ठेवणार? जाताना म्हणाले, ‘बदली झाली तर मी पण बदली मागतो, फौजदारीणबाई.’

सोमवार, १९ फेब्रु.
नाम्याने आज कामावरून आलेल्या आईकडे मान वळवली. वळवली असं हौसा म्हणते. मला नीट दिसलं नाही, पण मी हो म्हटलं.

शाळा सुटायच्या आधी पोरांना बसवलं. म्हटलं, उद्या साहेब येणार. आपण कसे शिकतो, काय खेळतो ते बघणार. लगेच पोरं, ‘बाई, लगोरी मांडू? फुगडी घालू?’
‘मुकादम-मुकादम खेळायचं.’
सखूने हळूच विचारलं, ‘पयल्यापासनं?’
‘पहिल्यापासून. झोळ्या बांधण्यापासून.’
‘गोळी बी द्याची?’
‘द्यायची. साहेबांना दिसेल अशी.’

बबन मागे बसला होता, नखं खात. त्याला म्हटलं, तुझी इच्छा नसेल तर मुकादम दुसरा कुणी होईल, मी काही म्हणणार नाही. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, ‘दुसऱ्या कुनाला येत न्हाई तसा. मीच हुतो.’ आणि थोड्या वेळाने, ‘बाई, शिव्यांसकट?’

‘शिव्यांसकट,’ म्हटलं.