एकानं तरी उभं राहायचं

८ जुलै
सोडल्याचे दिवस: मी २९७. सतीश २९७.
आठ दिवस ऊन नाही. पाऊसही धड नाही, नुसतं आभाळ. गुरुवारपासून अंग जड झालंय. दरवर्षीचंच. आषाढ लागला की मी खाली जाते ती नवरात्रापर्यंत. इतकी वर्षं त्यावर माझं औषध म्हणजे गोळ्या, आणि सतीशचं औषध म्हणजे क्वार्टर. त्याला तर ऋतू लागत नव्हता.
या वर्षी दोन्ही नाही. नुसतं आभाळ आणि आम्ही दोघं.
काल चहा घेताना ठरवलं. एक आडवा झाला तर दुसऱ्यानं उभं राहायचं. दोघांनी एकाच दिवशी आडवं व्हायचं नाही. सतीश म्हणाला, कंपनीत शिफ्ट लावतात तसं. तोंडानं मी त्याला अहोच म्हणते, वहीत सतीश. वहीत बरं वाटतं.

११ जुलै
डॉ. बाईंकडे गेलो. दोघंही आत. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे आळशीपण नाही, हा आजार आहे, ढगाळ दिवसांत काहींना होतो. सकाळी उजेडात बसायचं, चालायचं, जेवणाची वेळ चुकवायची नाही. आणि एक गोळी, रोज सकाळी.
गोळी म्हटल्यावर माझ्या तळहाताला घाम आला. मान दुखते म्हणून सुरू केलेली एक गोळी. मग झोपेची. मी तेव्हा दवाखान्यात रिसेप्शनवर होते, मिळत गेल्या. शेवटी शेवटी लेकीला, केतकीला, क्लासहून आणायचंही लक्षात राहत नव्हतं. सांगितलं बाईंना. त्या म्हणाल्या, ही त्या जातीची नाही, हिची चटक लागत नाही. पण तुमची भीती खरी आहे, पाकीट तुमच्याजवळ नको.
सतीश म्हणाला, "माझ्याकडे राहील. रोज एक हातावर ठेवीन."
ज्या माणसाला स्वतःची गाडीची चावी सापडायची नाही, तो असं म्हणाला.

१३ जुलै, रवि.
३०२ / ३०२. व्यसन सोडणाऱ्यांची मीटिंग. वीस-बावीस पुरुष, आम्ही दोन बायका. गोळी घेणार हे उभं राहून सांगून टाकलं. मागून कोणीतरी म्हणालं, गोळी ती गोळीच. बँकवाले काका (सतरा वर्षं झाली त्यांना सोडून, सतीशला तेच सांभाळतात) शांतपणे म्हणाले, दारूचं आपल्याला विचारा, औषधाचं डॉक्टरला विचारा. विषय संपला.

१७ जुलै
सतीश कामावरून आला तो हातात खोकं घेऊन. एलईडीच्या पट्ट्या. चितेगावला कंपनीत तो इलेक्ट्रिशियन आहे, उजेड मोजायचं मीटर दोन दिवसांसाठी मागून आणलं. डॉ. बाईंना फोन करून विचारलं, किती उजेड, किती अंतरावर, किती वेळ. सगळं कागदावर लिहून घेतलं. मग स्टुलावर चढून ओट्याच्या वर पट्ट्या बसवल्या. म्हणाला, नुसतं बसायला सांगितलं तर तू बसणार नाहीस, कणीक मळता मळता होऊन जाईल.
बटण दाबलं तर मसाल्याच्या डब्यावरचा सगळा चिकटा दिसायला लागला. आधी तो घासला.

१९ जुलै
सकाळी सहाला आमचं स्वयंपाकघर मंडपासारखं. समोरच्या शेख भाभी गॅलरीतून म्हणाल्या, "क्या हो बाई, घर में शादी हय क्या? सुबू सुबू इत्ता उजाला?"
हसले. हसू आलं हे लिहून ठेवते.

२३ जुलै
उठले नाही. उठताच आलं नाही. समोरच्या रूमवर नर्सिंगच्या आठ मुली राहतात, त्यांचे डबे माझ्याकडे. बत्तीस पोळ्या. भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि डोक्यात नुसता तो आकडा.
सतीशची दुपारची शिफ्ट होती. त्यानं केल्या. बत्तीस. मधे एकदा येऊन विचारलं, तेल आत लावायचं का बाहेर. वरण घट्ट झालं, मीठ कमी. डबे साडेनऊला गेले. एकीनंही तक्रार केली नाही.
गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं, कामावर गेला. मी दिवसभर तशीच. पण डबे गेले.

२९ जुलै
कन्नडहून दादाचा फोन. केतकी वर्षभर तिथंच आहे, मामाकडे. बारावी. मागच्या भाद्रपदात मी गोळ्यांच्या गुंगीत न्हाणीत पडले होते तेव्हा तिनंच दार ढकललं. सतीशला हलवलं, तो उठण्यातला नव्हता. सोळा वर्षांची पोर. तिनंच रिक्षा आणली, दादाला फोन केला. दवाखान्यातून आम्हाला दोघांना एकाच दिवशी व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं, म्हणून आमचा दिवसाचा आकडा एक. आणि ती मामाबरोबर गेली.
बाबांशी बोलते. माझ्याशी नाही. आज दादानं मुद्दाम फोन तिच्या हातात दिला.
"गोळ्या चालू झाल्या म्हणे."
चालू आहेत म्हणाले. कसल्या, कोणी दिल्या, कोणाकडे असतात, सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही माहीत नाही. मग फोन कट. दादा नंतर म्हणाला, "लई मनाला लावून नको घेऊ. पोरगी हाय. येळ लागंल."

५ ऑगस्ट
३२५ / ३२५. पाच दिवस सलग उठले. आठच्या आत अंघोळ. गच्चीवर वीस फेऱ्या, छत्री घेऊन. पोळ्या माझ्या मीच. कोणाला सांगावं असं यात काही नाही, पण मला माहीत आहे की अंघोळीसाठी उठणं म्हणजे काय असतं ते. शाब्बास म्हणते स्वतःला. इथं कोण ऐकतंय.

११ ऑगस्ट
परत खाली. काल-आज डबे सतीशनं.

१२ ऑगस्ट
सतीश साडेपाचला यायचा तो सातला आला. मी पलंगावरच होते, उजेडही लावला नव्हता. दारातच उभा राहिला. वास यायच्या आधी त्यानंच सांगितलं.
"मी घेतली."
कोणीतरी रिटायर झालं, पैठण रोडच्या ढाब्यावर जेवण होतं. दोन पेग. मग हात धुवायला म्हणून उठला तो सरळ बाहेर आला आणि बस धरून घरी.
खरं लिहायचं तर आधी राग आला नाही. तोंडाला पाणी सुटलं. त्याचा हेवा वाटला. मग राग आला, दोघांचाही. मग आठवलं, आज तो आडवा आहे.
उठले. तीन दिवसांत पहिल्यांदा. दिवा लावला. त्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं. हातात धरल्यावर ते घरात ठेवण्याची माझीच हिंमत होईना. तशीच चप्पल घालून समोर गेले. शेख भाभींना आजवर बीपीची गोळी म्हणून सांगितलं होतं. आज सगळं सांगितलं, दारातच उभं राहून. गोळ्यांचं, दारूचं, केतकीचं. त्यांनी हात पुढे केला. पाकीट ओढणीत गुंडाळलं. म्हणाल्या, "रोज सुबू आव, चाय पिव, एक गोली लेके जाव."
घरी येऊन बँकवाल्या काकांना फोन केला. अर्ध्या तासात आले. सतीश आणि ते गच्चीवर बसले. मी पिठलं-भात टाकला, तिघं जेवलो.

१३ ऑगस्ट
मी ३३३. सतीश १.
लिहिताना हात अडला. लिहिलं.

१४ ऑगस्ट
३३४ / २. कामावर गेला नाही. समोर बसून मेथी निवडत होता, एकेक पान. मी काल रात्रीपासून तेच धरून बसले होते की मी दहा दिवसांतले सात दिवस पडून असते, माणूस थकणारच. बोलले नव्हते. त्यालाच कळलं.
"तुझ्यामुळं नाही घेतली."
"मग?"
"समोर आली, घेतली. यात तू कुठंच नाहीस."
थोड्या वेळानं मी म्हणाले, "मग माझ्यामुळं सोडूही नका."
त्यानं मान हलवली. दोघांनी मिळून जुडी संपवली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, इतकं सरळ आम्ही कधी बोललो नव्हतो.

१७ ऑगस्ट, रवि.
त्याला मीटिंगला यायचं नव्हतं. तोंड कसं दाखवू म्हणत होता. मी आग्रह केला नाही, साडी नेसून दाराशी उभी राहिले. शर्ट घालून आला.
सुरुवातीलाच विचारतात, पहिल्या महिन्यातलं कोणी आहे का. नव्यानं आलेली दोन पोरं होती, त्यांनी हात वर केले. आणि सतीशनं. अकरा महिने ज्यांच्यासमोर मिरवला त्यांच्यासमोर. म्हणाला, "माझा आज पाचवा दिवस."
खोलीत एवढी माणसं, पण मी एकटीच रडले असेन. दुःखानं नाही. दारू न पिता काढलेल्या दिवसांपेक्षाही त्या हाताचा मला जास्त अभिमान वाटला. त्याला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे.

२० ऑगस्ट
सांगितलं. म्हणाला, काहीतरीच तुझं. पण दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

२७ ऑगस्ट
३४७ / १५. गणपती बसले. सकाळी दोन तास चक्क ऊन. एकवीस मोदक, पाच फुटले. फुटलेले सतीशनं खाल्ले. भाभींकडे चहा, गोळी, आणि त्यांना मोदक.

२ सप्टेंबर
१४ तारखेला माझं वर्ष होतंय. मीटिंगमध्ये पदक देतात, घरच्यांना बोलावतात. मी म्हणाले पुढं ढकलू. तुमचं होईल तेव्हा दोघं मिळून घेऊ. एकाच दिवशी सुरू केलं होतं.
सतीश चिडला. खूप दिवसांनी चिडलेला पाहिला. "माझ्यासाठी थांबलीस तर ते माझ्यावर ओझं. तू घे. मी टाळ्या वाजवायला बसतो."
बरोबर आहे त्याचं. वाईट वाटलं, पण बरोबर आहे.
केतकीला मीच फोन लावला. येशील का विचारलं.
"बघते."
मागच्यासारखा फोन मात्र कट केला नाही.

९ सप्टेंबर
तीन दिवस आभाळ. डोकं जड. उठतेय मात्र. रोज भाभींकडे जावं लागतं म्हणून केस विंचरते, केस विंचरले की पुढचं होतं.

१४ सप्टेंबर, रवि.
३६५. सतीश ३३.
केतकी आली. दादाबरोबर, सकाळच्या एसटीनं. शेवटच्या रांगेत बसली, दाराजवळ. दादा आधी बिचकला होता. आत बसल्यावर इकडंतिकडं बघून माझ्या कानात म्हणाला, "ही तर आपल्यासारखीच मान्सं हायेत की." त्याला काय वाटलं होतं कोण जाणे.
मी बोलायचं पाठ केलं होतं, सगळं विसरले. एवढंच म्हणाले की मागच्या वर्षी माझ्या मुलीनं मला उचललं, आईनं उचलायचं असतं तिथं तिनं उचललं, त्याची माफी मागण्याची माझी अजून लायकी झाली नाही, म्हणून आज फक्त हजेरी देते. बसले.
टाळ्या. सतीशच्या सगळ्यात मोठ्या.
चहाच्या वेळी ती बाबांजवळ आली. "तुमचं किती?"
दादाला हे माहीत नव्हतं, मी सतीशकडं बघितलं. "तेहेतीस दिवस," तो म्हणाला. "मधे घेतली होती."
तिनं चहा संपवला, कप ठेवला. मग म्हणाली, "सांगितलंत, बरं झालं."
दुपारच्या एसटीनं परत गेली. घरी चल म्हणावंसं फार वाटत होतं. म्हटलं नाही. स्टँडवर बस हलल्यावर तिनं हात केला, तो कोणाला केला कळलं नाही. सतीश म्हणतो तुला. मी म्हणते तुम्हाला.

२२ सप्टेंबर
३७३ / ४१. घटस्थापना. दरवर्षी आत्तापर्यंत उघडतं, यंदा उघडत नाही. पाऊस जोरात आहे. डॉ. बाई म्हणाल्या गोळी अजून चालू राहील, कधी थांबवायची ते थंडीत बघू, आणि पुढच्या वर्षी मे संपतानाच या, पडायची वाट बघू नका. आधी येण्याजोगी मी झाले, हेच किती.

२४ सप्टेंबर
सकाळी डब्याच्या पोळ्या करताना केतकीचा फोन. स्वतःहून, माझ्या नंबरवर. आधी फिजिक्सच्या सरांचं, मग मामीच्या हातच्या भाकरीचं. मग एका दमात विचारलं.
"परीक्षेनंतर मी घरी आले, आणि आषाढात परत तसं झालं तर?"
मी पोळी तव्यावरून काढली, गॅस बारीक केला. होणार नाही म्हणाले असते तर तिला लगेच कळलं असतं. म्हणाले, मी परत खाली जाईन, ते पक्कं आहे. बाबाही घसरतील की नाही सांगता येत नाही. पण डॉक्टर आहेत, काका आहेत, समोर भाभी आहेत, आणि त्यांना फोन आम्ही करू. तो तुला करावा लागणार नाही.
"नक्की?"
"बाबांनी घेतली त्या दिवशी मीच केला होता."
पलीकडे मामीच्या टीव्हीचा आवाज.
"विचार करते," म्हणाली.
बरं म्हणाले. सतीश दारात उभा राहून ऐकत होता, त्यानं पोळपाट ओढून घेतला. सोळा पोळ्या अजून व्हायच्या होत्या.