खिडकीतला वाडगा

स्काल्लोय बेट, २ मार्च १९७१

चि. राग्ना हिस, टोरब्यॉर्नदादाचे अनेक आशीर्वाद.

योरिडला बाळंतपणासाठी तुझ्याकडे बोटीवर बसवून परतलो. तिची आई वारल्यावर पोर एवढंच होतं घरात; आता घड्याळ फार मोठ्यानं वाजतं. तू तिची आत्या आणि इस्पितळातली सुईण, म्हणून निर्धास्त आहे. एकच विनंती. हाताशी पाण्याचा वाडगा ठेव. बाळ रडलं नाही, तर आधी त्याचा बाप्तिस्मा कर. जिवावरची वेळ असली तर पाद्रीबुवांची वाट पाहू नये, कुणीही पाणी घालावं, असं आपण लहानपणीच शिकलो. माझ्या बाळाला, आंडर्सला, तो जाण्याआधी मी वेळेत बाप्तिस्म्याचं पाणी दिलं, त्या एका गोष्टीवर बावीस वर्षं जगलो.

योरिडला उकडलेला मासा आवडत नाही, लाडावू नकोस.

देव तुम्हा दोघींजवळ राहो.
दादा

९ मार्च

ती. दादास, राग्नाचा सा. न.

तू आजोबा झालास. मुलगी आहे. योरिड बरी आहे आणि मासा खाते. तुझ्याच हातचा आवडत नसणार.

आता खरं सांगते. बाळ रडलं नाही. पहिल्या मिनिटाला आम्ही पाच गोष्टी पाहतो: श्वास, हृदयाचे ठोके, रंग, हातापायांतला जोर, आणि डिवचल्यावर तोंड वाकडं करतं का. प्रत्येकीला दोनपर्यंत गुण. हिला दहांत तीन मिळाले. गणितात तुला मिळायचे तेवढेच. वाडगा खिडकीत होता. योरिडनं त्याकडे बोट दाखवलं, बाबांचं पाणी म्हणाली. पण दादा, मला हात दोनच. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, श्वास भरला. पाचव्या मिनिटाला पुन्हा मोजले. आठ. मग अशी रडली की शेजारच्या खोलीतली बाई रागावली.

पाणी मी घातलं नाही. तू रागावशील. पण ती मधली चार मिनिटं पुन्हा आली, तरी मी असंच करीन.

रागावलास तरी पत्र टाक.
राग्ना

१६ मार्च

चि. राग्ना,

तुझं पत्र धक्क्यावरच उभ्यानं वाचलं, तीनदा. रागावलो नाही.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. आंडर्स निळा होता, पण बोटं हलवत होता. सुईणीची बोट वाऱ्यानं पलीकडे अडकलेली. मी विहिरीकडे धावलो. वर बर्फ होतं, ते कुऱ्हाडीनं फोडलं. पाणी आणलं, तीन ओंजळी घातल्या, शब्द एकही चुकलो नाही. शब्द संपले तेव्हा बोटं थांबली होती. किती वेळ गेला, ते कधी मोजलं नव्हतं. काल घड्याळ हातात घेऊन घरापासून विहिरीपर्यंत धावत गेलो नि आलो. चार मिनिटं.

त्याची आई त्याला छातीशी धरून होती. मला म्हणत होती, जाऊ नका, इथं थांबा. मला वाटलं, बाईला कळत नाही.

तो देवाजवळ आहे, याबद्दल मला शंका नाही. माझ्याजवळ असता का, एवढंच देवाला विचारतो. योरिडला कळवू नकोस.

बाळाला पेंटेकॉस्टच्या सणाला घेऊन या. तेव्हा पाद्रीबुवा येतात. पाणी मी विहिरीचंच आणीन, पण चुलीवर कोमट करून.

नात झाली म्हणून आज झेंडा चढवला. बेटावर आता तीनच घरं. बाकी दोन्हींची दारं बंद, माणसं मासेमारीला गेलेली. बघायला कुणी नव्हतं. मग मीच सूर्यास्तापर्यंत खांबाखाली बघत उभा राहिलो.

मुलीचं वजन कळव. आणि तुझे हात जप.

टोरब्यॉर्नदादा