काच थोडी खाली ठेव

९ मार्च

चि. धाकट्या,

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा अजून कुरकुरतो, पण जिना चढतात. आईचा खोकला उतरलाय, दम मात्र लागतोच. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला थांबते. जेवणात मन नाही. औषधांच्या दुकानातल्या माझ्या नोकरीत मला आता रजाही मागवत नाही, इतक्या झाल्यात. तुम्ही तिघं बरे असाल.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच बोलायला लागतोस आणि मला काय म्हणायचं होतं ते तसंच राहतं. म्हणून कागद घेतला.

गाडीचं सांगायचंय. तू सुचवलेली ती पांढरी डिझेल गाडी बघून आलो. घेतली नाही.

तू म्हणाला होतास की एकटीच जा, चार माणसं नेली की समोरचा भाव खातो. मी एकटीच निघाले होते. पण माझी धाकटी जाऊ जिन्यात भेटली आणि कुठे निघालात विचारून पायात चपला घालूनच उभी राहिली. ती विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासते. आईला मी इकडे आणलं तेव्हा ती काही बोलली नव्हती, पण हसलीही नव्हती. त्यामुळे तिला नको कसं म्हणणार? म्हटलं चल.

तुझा तो गाड्यांचा दलाल, काळा चष्मा डोक्यावर चढवून हिंडणारा, त्याच्या आवाराच्या फाटकापर्यंत सामोरा आला. हात मिळवला आणि माझ्या तळव्याला त्याचं अत्तर लागलं. तेच अत्तर गाडीतही. दार उघडलं तसा भपकारा आला, जणू कुणाचं काहीतरी सडलंय आणि त्यावर फुलं टाकलीयत. सीट पुसून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की बसलं की घसरायला होत होतं. चहा आणला, त्यावर साय धरलेली.

जावेनं आधी बॉनेटवर हात ठेवला. म्हणाली, "गरम आहे."

"उन्हात उभी आहे ना, मॅडम."

आभाळ भरून आलेलं होतं. तिनं नुसतं वर बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, डिझेल गाडी गार असताना सुरू करून बघायची असते. यानं आपण यायच्या आधी चालवून ठेवलीय. उद्या सकाळी न सांगता येऊ."

दुसऱ्या दिवशी दलाल कुलूप काढत होता तेव्हा आम्ही पोचलो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. गार गाडी सुरू केली तर इंजिन डब्यात खिळे हलवावेत तसं वाजलं, आणि मागून धूर निघाला. जावेनं धुराच्या नळीत बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. काळंकुट्ट. काजळ पाडलंय असं वाटावं.

"आताच्या डिझेल गाडीला काजळी अडवणारा फिल्टर असतो," ती म्हणाली. "तो जागेवर असेल तर ही नळी आतून स्वच्छ राहते."

मग ती ऑफिसचे कपडे असून जमिनीवर आडवी झाली आणि बॅटरी लावून खाली बघितलं. फिल्टरचा डबा कापून, आतलं सगळं उपसून, परत वेल्डिंग केलेलं होतं. तेही धड नाही. सांध्यातून धूर गळत होता. चावी फिरवली की इंजिनाचा जो पिवळा दिवा क्षणभर लागून विझायला हवा, तो लागलाच नाही. तिनं आपलं यंत्र जोडलं, तर आदल्या दिवशीच कुणीतरी इंजिनानं नोंदवलेल्या सगळ्या तक्रारी पुसलेल्या, आणि इंजिनाच्या नोंदीतले किलोमीटर समोरच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. मला यातलं काही कळत नव्हतं, तिनं एकेक समजावलं. वर हेही सांगितलं की दवाखाना आणि घर एवढ्याच फेऱ्या असतील तर अशी गाडी नवी कोरी असली तरी घेऊ नका. थोडं थोडं चालवलं की फिल्टर साफ व्हायला वेळच मिळत नाही, तुंबत जातो. तुंबला की खर्च बघून लोक तो असा कापतात.

मी मागच्या सीटवर बसून बघितलं, आई बसेल तिथे. काचा बंद, इंजिन चालू. थोड्याच वेळात अत्तराखालचा वास वर आला. घसा खवखवला, डोळ्यांतून पाणी. मी दार उघडून बाहेर आले आणि थुंकले. ते अत्तर कशासाठी होतं ते तेव्हा कळलं.

बाकी, तुझ्या छकुलीचा पडलेला दात आला का? आई रोज विचारते. तिच्यासाठी एक स्वेटर विणायला घेतलाय तिनं, हात थरथरतात तरी.

बघ, मी पण ताकाला जाऊन भांडं लपवतेय. सांगून टाकते.

जावेनं दलालाला विचारलं, "फिल्टर कुणी काढला?"

"मॅडम, मी फक्त विकतो. मालकाला विचारा."

"मालक कोण?"

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला वाटलं आम्ही त्याची गंमत करतोय. "यांना माहीत नाही? अहो, यांचे भाऊच की. कागद अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहेत, पण गाडी त्यांची."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. तर तो मला समजवायलाच लागला. "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. वास येतो तो किरकोळ आहे. काच थोडी खाली ठेवली की काही जाणवत नाही. भाऊंना सांगितलंय मी, ते म्हणाले ताईला मी बोलतो."

आणि तू बोललास. शनिवारी फोनवर. "आईला मागे बसवशील तेव्हा काच थोडी खाली ठेव, तिला मोकळी हवा बरी वाटते." मी फोन ठेवला आणि तुझ्या भावोजींना सांगितलं, बघा, इतक्या लांबून माझ्या भावाला आईच्या श्वासाची काळजी आहे. डोळे पुसले मी, मूर्खासारखे.

दलाल पुढे आणखी बोलला. "भाऊ म्हणाले होते, ताई काही बघायची नाही, माझ्या शब्दावर घेईल."

खरंच घेतली असती रे.

तुलाही कुणीतरी ती गाडी गळ्यात मारली असेल. अडचणीत असशील. तसं सांगितलं असतंस तर आपण काही केलं असतं, दलालाच्या तोंडावर फेकून मोकळे झालो असतो. पण तू फसलास आणि दुसरं कुणी गिऱ्हाईक मिळेना म्हणून आईची फुप्फुसं शोधलीस. मला राग येत नाहीये, रागाला निदान ऊब असते. मला किळस येते. तुझा आवाज आठवला तरी तो भपकारा नाकाशी येतो.

आम्ही निघत होतो तेव्हा एक जोडपं त्याच गाडीभोवती फिरत होतं, बाईच्या कडेवर बाळ. मी जाऊन सांगितलं, ही घेऊ नका, धूर आत येतो. दलाल धावत आला, "ताई, तुमच्याच भावाचं नुकसान करताय." मी म्हटलं, हो. ते जोडपं निघून गेलं.

परतताना एकच डोक्यात होतं. माझं माहेर असं जावेसमोर उघडं पडलं, त्यापेक्षा रस्ता दुभंगलेला बरा. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं तिची ऑफिसची गाडी कडेला घेतली, पाण्याची बाटली दिली, आणि मी तोंड धुवून येईपर्यंत दुसरीकडे बघत बसली. मग म्हणाली, "घरी मी इतकंच सांगेन की इंजिन खराब होतं. बाकी तुमचं तुम्ही ठरवा." आणि तिनं शब्द पाळलाय. त्यानंतर तिनंच एका निवृत्त नर्सबाईंची साधी पेट्रोल गाडी शोधून दिली. रंग उडालाय, पण आत कसलाच वास नाही. काल आईला तीतून दवाखान्यात नेलं. काचा बंद होत्या, आई झोपून गेली. जाऊ तिच्या शेजारी बसली होती.

आईनं त्या दिवशी विचारलं, "कशी होती गं गाडी? धाकट्यानं बघितलेली म्हणजे चांगलीच असणार."

मी म्हटलं, इंजिन थकलेलं होतं.

"अगंबाई. मग त्याला कळव. बिचाऱ्याला कुणीतरी फसवायला बघतंय."

म्हणून कळवतेय.

आता एकच कर. ती गाडी तिथून उचल. नीट फिल्टर बसव नाहीतर भंगारात दे, पण दुसऱ्या कुणाच्या आईला, कुणाच्या बाळाला तिच्यात बसवू नकोस. जाऊ पुढच्या आठवड्यात त्या आवारात जाणार आहे. गाडी तशीच दिसली तर ती तक्रार करणार, आणि तक्रारीत तुझं नाव लागेल. मी तिला थांबवणार नाही.

आईला भेटायला ये, तुझी आई आहे. आलास की मी पाणी देईन, जेवायला वाढीन. तिच्यासमोर हसेनही. स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊ नकोस.

पत्र लिहितेय हे बघून आईनं तुला आशीर्वाद लिहायला सांगितलाय. तो लिहिते. तो तिचा आहे.

ताई